बारा जिल्ह्यांत गुलाल उधळला, आपल्या दिंडोरीचं काय?



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

फेब्रुवारीत राज्यातल्या बारा जिल्हा परिषदांचे निकाल लागले. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, छत्रपती संभाजीनगर, परभणी, धाराशिव, लातूर. दोन दिवस आपल्या तालुक्यातल्या ग्रुपवरही तिकडचेच व्हिडिओ फिरत होते. कुणाचा साडू पंचायत समितीला निवडून आला, कुणाच्या मावसबहिणीचा गट थोडक्यात गेला. जेसीबीतून गुलाल, डीजे, हार, सगळं बघितलं आपण. मग एका पोराने खाली तीन शब्द लिहिले, "आपलं कधी भो?"

त्याच्यावर कुणी उत्तर दिलं नाही. चार जणांनी हसायचे इमोजी टाकले आणि विषय द्राक्षाच्या भावावर गेला.

त्या पोराचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

आधी जरा मागे जाऊ. नाशिक जिल्हा परिषदेसाठी आपण शेवटचं मत दिलं २१ फेब्रुवारी २०१७ ला. निकाल २३ ला लागला. जिल्ह्यात एकूण ७३ गट. शिवसेनेला २५, राष्ट्रवादीला १८, भाजपला १५, काँग्रेसला ८, माकपला ३ आणि बाकी इतर. आपल्या तालुक्यात तेव्हा सहा गट होते: अहिवंतवाडी, कसबे वणी, खेडगाव, कोचरगाव, उमराळे बुद्रुक आणि मोहाडी. त्याखाली पंचायत समितीचे बारा गण. बहुमत कुणालाच नव्हतं. मग अध्यक्ष झाल्या शिवसेनेच्या शीतल सांगळे आणि उपाध्यक्ष झाल्या काँग्रेसच्या नयना गावित. मुंबईत तेव्हा सेना-भाजप एकत्र सत्तेत आणि काँग्रेस विरोधात, पण नाशिकला सेनेच्या शेजारी काँग्रेस बसली. पारावर किती चर्चा रंगल्या होत्या आठवतंय? "हे काय चाललंय" म्हणणारे होते, तसेच "जिल्ह्याचं राजकारण जिल्ह्यात ठरलं पाहिजे" म्हणणारेही होते. मला दुसऱ्या लोकांचं पटलं होतं, आजही पटतं.

आता विचार करा. तेव्हाची शिवसेना एक होती, आज दोन आहेत. राष्ट्रवादी एक होती, तिच्याही दोन झाल्या. मधे लोकसभेच्या दोन निवडणुका झाल्या, विधानसभेच्या दोन झाल्या, सरकारं आली, पडली, पुन्हा आली. त्यातल्या प्रत्येक वेळी आपण रांगेत उभं राहून मत दिलं. फक्त जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा निकाल २०१७ वर अडकलेला आहे. त्या वर्षी जो पोरगा सतरा वर्षांचा होता तो आज सव्वीस वर्षांचा आहे. लग्न झालं, पोरगी अंगणवाडीत जाते. ती अंगणवाडी जिल्हा परिषदेची, पण तिच्यासाठी त्याने आयुष्यात एकदाही बटण दाबलेलं नाही.

२० मार्च २०२२ ला मागच्या सभागृहाची मुदत संपली. तेव्हापासून मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक. पंचायत समितीत गटविकास अधिकारी प्रशासक. येत्या २० मार्चला याला चार वर्षं पुरी होतील. म्हणजे एका सभागृहाचा जवळजवळ अख्खा काळ बिनसभागृहाचा गेला.

आता, का थांबलंय हे सरळ शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. वकील मंडळींनी चुकलं तर दुरुस्त करावं.

राज्यघटनेप्रमाणे जिल्हा परिषदेत अनुसूचित जाती आणि जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. ओबीसींच्या २७ टक्के जागा राज्याच्या कायद्याने आहेत. २०१० साली कृष्णमूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की स्थानिक संस्थांत सगळं आरक्षण मिळून पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नये. अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींच्या आरक्षणाला त्यात अपवाद ठेवला. मग ४ मार्च २०२१ ला विकास गवळी खटल्याचा निकाल आला. ओबीसींना आरक्षण द्यायचं तर आधी आयोग नेमा, माहिती गोळा करा आणि एकूण पन्नासची मर्यादा पाळा, अशा तीन अटी त्यात घातल्या. तिथून गाडं अडलं.

मधल्या काळात सरकारांनीही आपापला हात मारून घेतला. महाविकास आघाडीच्या सरकारने गटांची संख्या वाढवणारा कायदा केला. शिंदे सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये तो फिरवून २०१७ ची रचना परत आणली. त्यावर पुन्हा कोर्ट. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बांठिया आयोगाच्या आधी ओबीसींचं आरक्षण जसं होतं तसं धरा आणि चार महिन्यांत निवडणुका उरका. चार महिन्यांत झालं नाही. सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ची नवी मुदत मिळाली. आपल्या शेजारच्या ओझरला आणि पिंपळगाव बसवंतला डिसेंबरमध्ये मतदान होऊन नगराध्यक्ष मिळाले. जानेवारीत नाशिक महापालिका झाली. फेब्रुवारीत त्या बारा जिल्हा परिषदा झाल्या.

नाशिक त्यात का नाही? हिशोब सोपा आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, कळवण, इगतपुरी, बागलाण आणि आपल्या दिंडोरीची पश्चिम पट्टी. आदिवासी लोकसंख्या मोठी. समजा शंभर जागा आहेत आणि त्यातल्या चाळीसपेक्षा जास्त लोकसंख्येच्या प्रमाणात जमाती आणि जातींसाठीच गेल्या. त्यावर ओबीसींच्या सत्तावीस ठेवल्या की पन्नासची रेघ कुठल्या कुठे मागे राहते. पन्नासच्या आत बसणाऱ्या बारा परिषदांना हिरवा झेंडा मिळाला. पन्नासच्या बाहेर जाणाऱ्या नाशिकसारख्या परिषदांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे.

मी न्यायालयावर टीका करत नाहीये. ओबीसींच्या जागा जाऊ नयेत म्हणून जे लढले त्यांचंही चुकलं असं म्हणत नाही. आदिवासींचं आरक्षण तर घटनेनेच दिलेलं आहे, त्यावर बोलायचा प्रश्नच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्यात एक साधी गोष्ट हरवली. घटनेच्या २४३-ई कलमात लिहिलंय की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि पुढची निवडणूक मुदत संपायच्या आत झाली पाहिजे. आरक्षण किती असावं यावर घटनेचा आधार घेऊन पाच वर्षं वाद चालू शकतो, मग वेळेवर निवडणूक घ्या हे त्याच घटनेतलं वाक्य कुणालाच का आठवत नाही?

काही जण म्हणतील, "काय अडलंय रे तुझं? शाळा भरतात, दवाखाने चालू आहेत, रस्ते होताहेत. उलट मेंबर नाहीत तर टक्केवारी तरी वाचली."

हे मी रोज ऐकतो. म्हणून एक प्रसंग सांगतो.

पश्चिमेकडच्या एका वाडीवर एक म्हातारी आहे, आम्ही तिला बाय म्हणतो. वाडीचं नाव घेत नाही. तिच्या वाडीच्या अंगणवाडीला स्वतःची खोली नाही, पोरं एकाच्या पडवीत बसतात. मागे भेटली तेव्हा मला विचारते, "बाबा, आपला मेंबर कोन हाये रे आता?" मी सांगितलं, "बाय, आता मेंबर कुणीच नाही. साहेब बघतात सगळं." ती म्हणाली, "साहेब कुठं ऱ्हातो?" मी म्हटलं, "नाशिकला." त्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंग त्यो येनार कधी आन् मी जानार कधी?"

या म्हातारीच्या दोन वाक्यांपुढे माझी सगळी कलमं फिकी पडली.

साहेब वाईट असतो असं नाही. आपल्याकडे चांगले अधिकारी आलेले आहेत, काही जण स्वतः वाड्या-पाड्यांवर फिरलेत. पण साहेबाची बदली होते. दुसरा येतो, फाईल पुन्हा पहिल्यापासून समजून घेतो, त्याचीही बदली होते. आणि मुख्य म्हणजे बायच्या मतावर साहेबाचं काही अवलंबून नाही. मेंबर कसाही असो, त्याला पाच वर्षांनी बायच्या पडवीत जाऊन हात जोडावे लागतात. त्या भीतीने तो तिच्या अंगणवाडीचं नाव किमान एकदा तरी सभेत घेतो.

सभेत नाव घेणं म्हणजे काय हे नव्या पोरांना माहीत नसेल. १९६१ चा आपला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला. वसंतराव नाईक समितीने आखलेली ही रचना. त्यात सर्वसाधारण सभा आहे, स्थायी समिती आहे, शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, महिला-बालकल्याण अशा विषय समित्या आहेत. सभेत सदस्य उभा राहून विचारतो, "माझ्या गटातल्या अमुक शाळेची खोली कधी होणार?" अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. ते इतिवृत्तात लिहिलं जातं. पत्रकार मागे बसलेले असतात, दुसऱ्या दिवशी छापून येतं. हे सगळं नाटक वाटत असेल, पण गरिबाचं काम या नाटकातूनच पुढे सरकतं.

आज ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा एकच माणूस आहे. सर्वसाधारण सभेचे अधिकार त्याच्याकडे, स्थायी समितीचेही त्याच्याकडे. तो देवमाणूस असला तरी ही पद्धत बरोबर नाही. सोसायटीच्या सचिवानेच चेअरमनपण करायचं आणि ऑडिटही करायचं म्हटलं तर आपण चालवून घेऊ का?

आता पैशाचं बघा. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आपल्या राज्यात असे वाटले जातात: शंभरातले ८० ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला. आयोगाची अट अशी की तिथे निवडून आलेली बॉडी पाहिजे. नसेल तर तो वाटा मिळत नाही. म्हणून जिथे प्रशासक आहेत तिथे वरचे ते वीस रुपये अडकले. ग्रामपंचायतीला पैसे येत राहिले, पण ज्या कामाला दोन-तीन गावांचा मिळून विचार करावा लागतो त्या कामाचे पैसे थांबले. ओढ्यावरची मोरी, दोन वाड्यांना जोडणारा रस्ता, आरोग्य उपकेंद्राची दुरुस्ती, असली कामं. आणि या आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ ला संपतोय. "काय अडलंय" म्हणणाऱ्यांनी याचा हिशोब जरूर मांडावा.

आता टक्केवारीचा मुद्दा. खोटं बोलणार नाही, मेंबर लोकांनी आपला विश्वास बऱ्याचदा घालवला आहे. गटातलं काम पुतण्याच्या नावावर घेणारे होते. पाच वर्षांत सभेत एकदाही तोंड न उघडणारे होते. बायको निवडून आलेली आणि खुर्चीत नवरा बसलेला, हेही आपण पाहिलं. पण अशा मेंबरला घरी बसवायचा अधिकार आपल्याकडे होता आणि आपण तो वापरलाही. पीक खराब आलं म्हणून कुणी बाग कायमची पडीक टाकत नाही. छाटणी करतो, औषध मारतो, पुढच्या हंगामाला उभा राहतो. निवडणूक ही छाटणीच आहे. चार वर्षं छाटणी न झालेल्या बागेचं काय होतं ते दिंडोरीकराला मी शिकवायची गरज नाही.

आणि याच परिषदेतून माणसं घडतात. आपले खासदार भास्कर भगरे सर आधी जिल्हा परिषदेचे सदस्य होते. त्यांच्या आधीच्या खासदार डॉ. भारती पवारही जिल्हा परिषदेत होत्या, पुढे केंद्रात राज्यमंत्री झाल्या. आर. आर. आबा सांगली जिल्हा परिषदेतून वर आले. पक्ष कुठलाही घ्या, शाळा हीच. आज निम्म्या जागा महिलांना आहेत. म्हणजे या चार वर्षांत जिल्ह्यातल्या छत्तीस-सदतीस बायांना सभागृहात उभं राहून बोलायची संधी मिळाली असती, ती मिळाली नाही. बचत गटात हिशोब चोख ठेवणाऱ्या, आशाताई म्हणून उन्हातान्हात फिरलेल्या किती जणी आपल्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांचं वय काही थांबलेलं नाही.

छोट्या मतदारसंघाचा अजून एक फायदा सांगतो. २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडे काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. भगरे सरांची निशाणी तुतारी वाजवणारा माणूस, आणि दुसऱ्या एका भगरे आडनावाच्या अपक्षाची निशाणी नुसती तुतारी. त्या अपक्षाला १,०३,६३२ मतं पडली. सर तरीही १,१३,१९९ मतांनी निवडून आले, ती गोष्ट वेगळी. लोकांना हसू आलं, "दिंडोरीवाले फसले." पण लाखो मतदारांच्या मतदारसंघात नाव आणि चिन्ह बघूनच मत पडणार. जिल्हा परिषदेच्या गटात असं सहसा होत नाही. तिथे उमेदवार कुणाचा कोण, कुणाच्या दहाव्याला आला होता, कुणाच्या ऊसतोडीच्या पैशाला जामीन राहिला, हे आपल्याला पाठ असतं. आपल्याला ज्या निवडणुकीत सगळ्यात जास्त कळतं, तीच आपल्याकडून काढून घेतली आहे.

एका मताची किंमत काय असते हेही आपल्याला माहीत आहे. २००९ च्या विधानसभेला धनराज महाले आणि नरहरी झिरवाळ यांच्यात अवघ्या १४९ मतांचा फरक होता. अख्ख्या विधानसभा मतदारसंघात १४९. मग एका गटात, गणात किती फरकाने माणूस पडत असेल याचा विचार करा.

जरा बाहेरच्या देशाकडेही बघू, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये आपल्या जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसारख्याच काऊंटी कौन्सिल आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिल असतात. मे २०२५ मध्ये तिकडे बऱ्याच काऊंट्यांची निवडणूक झाली. पण त्याआधी फेब्रुवारीत सरकारने नऊ ठिकाणची निवडणूक एक वर्ष पुढे ढकलली. कारण दिलं की या भागात दोन थर मोडून एकच कौन्सिल करायची आहे, मग काही महिन्यांसाठी नवीन माणसं कशाला निवडायची? कारण अगदीच फालतू नव्हतं. तरीही विरोधकांनी आरडाओरडा केला, आमचं मत काढून घेतलं म्हणाले, पार्लमेंटात सरकारला जाब विचारला गेला.

त्यांचा गोंधळ एका वर्षासाठी होता. आपल्याकडे चार वर्षं होत आली आणि आपण इमोजी टाकतोय. इंग्रजांचं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. आणि लांब इंग्लंडला तरी कशाला जायचं? आपल्याच तालुक्यात वाघाड धरणाच्या पाण्याचं बघा. नव्वदच्या दशकापासून शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, कालव्याचं पाणी मोजून घेतलं, पट्टी स्वतः गोळा केली, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी नेलं. लांबलांबून लोक बघायला येतात. तिथे भांडणं होत नाहीत का? होतात. पण ती बैठकीत होतात, तोंडासमोर होतात आणि पुढच्या पाळीच्या आत मिटवावी लागतात. आपला कारभार आपण करू शकतो हे या मातीने दाखवून दिलेलं आहे. तरी जिल्हा परिषदेच्या बाबतीत आपण "वरून काय येतंय ते बघू" म्हणत बसलोय.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कृपा करून शांतपणे वाचा.

या विषयावर आपल्या तालुक्यात हळूहळू एक विष पसरतंय. पूर्वेकडचा माणूस म्हणतो, "आदिवासींच्या आरक्षणामुळे आपलं अडलं." पश्चिमेकडचा म्हणतो, "ओबीसीवाल्यांच्या हट्टामुळे आमचं अडलं." दोघंही एकमेकांच्या बागेत आणि शेतात राबतात, एकाच वणीच्या बाजारात जातात, गडावर एकाच देवीच्या पाया पडतात. मंडळी, निवडणूक थांबल्याने आदिवासीला जास्त जागा मिळाल्या नाहीत आणि ओबीसीलाही मिळाल्या नाहीत. खुल्या गटातल्या माणसालाही मिळाली नाही. आज सभागृहात सगळ्यांच्या मिळून जागा शून्य आहेत. शून्याच्या वाटणीवरून कशाला भांडायचं?

आपल्याच दिंडोरी नगरपंचायतीचं आठवा. डिसेंबर २०२१ ला मतदान तोंडावर आलं आणि ओबीसींच्या जागांना स्थगिती आली. उरलेल्या जागांचं मतदान २१ डिसेंबरला झालं, अडकलेल्या जागा खुल्या करून १८ जानेवारी २०२२ ला झालं आणि १९ ला सगळा निकाल एकदम लागला. ओबीसी बांधवांवर तेव्हा अन्याय झाला, हे मी मान्य करतो. तसं पुन्हा व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. पण नगरपंचायतीला माणसं मिळाली आणि वाद कोर्टात चालू राहिला, हेही खरं. वाद आणि कारभार दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. फक्त तशी इच्छा पाहिजे.

इच्छेवरून आठवलं. आपले "भावी" लोक. गेल्या चार वर्षांत तालुक्यात किती भावी जिल्हा परिषद सदस्य झाले, मोजा बरं. प्रत्येक चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स. कुणी बसगाड्या करून देवदर्शन घडवलं, कुणी साड्या वाटल्या, कुणी क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. काहींनी त्यासाठी जमीन गहाण टाकली, हेही कानावर आहे. या सगळ्यांना माझा हात जोडून प्रश्न आहे. भाऊ, तुम्ही चार वर्षांत "निवडणूक घ्या" म्हणून एकदा तरी तहसीलवर मोर्चा काढला का? एक निवेदन दिलं का? तिकिटासाठी मुंबईच्या वाऱ्या केल्या, तारखेसाठी एक तरी केली का? नसेल केली तर उद्या सभागृहात जाऊन बायच्या अंगणवाडीसाठी तुम्ही कुणाशी भांडणार आहात?

आमदार-खासदारांनाही हेच विचारायचंय, पक्ष कुठलाही असो. लोक खासगीत म्हणतात की खालची फळी नसली की वरच्याला बरं असतं, सगळी कामं त्याच्याच पत्रावर होतात. हे खोटं आहे असं दाखवून द्यायचं असेल तर रस्ता सोपा आहे. नाशिकच्या निवडणुकीच्या तारखेसाठी उघडपणे बोला.

नुसती तक्रार करून थांबत नाही. आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

पहिलं, १ मे ला ग्रामसभा आहे. त्या दिवशी गावागावात एक ओळीचा ठराव घ्या: "नाशिक जिल्हा परिषद आणि दिंडोरी पंचायत समितीची निवडणूक लवकरात लवकर घ्यावी." ठरावाची प्रत राज्य निवडणूक आयोगाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. एका गावाच्या ठरावाने काही होणार नाही. पण शंभर गावांचे ठराव एकाच आठवड्यात गेले तर त्याची बातमी होते, आणि न्यायालयात सरकारला कुणी तरी ती दाखवू शकतो.

दुसरं, निवडणूक होईपर्यंत प्रशासकांनी दर तीन महिन्यांनी तालुक्यात खुली सभा घ्यावी अशी मागणी करू. एकदा दिंडोरीला, एकदा वणीला, एकदा ननाशीला. कुठलं काम मंजूर झालं, किती खर्च झाला, पुढे काय होणार, हे लोकांसमोर वाचून दाखवावं. कायद्यात असं लिहिलेलं नसेल, पण असं करायला बंदीही नाही. चांगला अधिकारी याला नाही म्हणणार नाही.

तिसरं, मतदार यादीत नाव बघा. घरातल्या नव्या सुनेचं नाव माहेरच्या गावाला राहिलंय का, एमआयडीसीत कामाला गेलेल्या पोराचं नाव नाशिकला गेलंय का, हे आत्ताच बघा. तारीख लागल्यावर धावपळ करू नका.

चौथं, उमेदवाराला काय विचारायचं ते आत्ताच ठरवा. मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवलेत. सभेला किती वेळा जाणार आणि काय बोललो ते गावात येऊन सांगणार का? घरातल्या कुणाच्या नावावर ठेका घेणार नाही असं चारचौघांत बोलणार का? आणि महिला उमेदवार असेल तर बैठकीला ती स्वतः येणार की तिचा नवरा? ज्याची उत्तरं पटतील त्याला मत, मग निशाणी कुठलीही असो.

त्या बारा जिल्ह्यांतले निकाल बघून माझ्या मनात कोण जिंकलं आणि कोण हरलं हे फार आलंच नाही. मला हेवा वाटला तो एका वेगळ्या गोष्टीचा. तिकडच्या एखाद्या वाडीवरची बाय आता "आपला मेंबर कोन?" असं विचारेल तेव्हा तिला कुणीतरी एक नाव सांगेल. ते नाव चांगलं निघेल की वाईट, ते पुढे कळेलच. पण त्या नावाला ती शिव्या देऊ शकेल, त्याच्या दारात जाऊन बसू शकेल आणि पाच वर्षांनी त्याला पाडू शकेल.

आपल्याकडच्या बायला मी अजून "साहेब नाशिकला राहतात" एवढंच सांगतोय.

पटलं तर शेअर करा, आपल्या गावाच्या ग्रुपवर टाका. पटलं नाही तर कमेंटमध्ये बिनधास्त लिहा, मी उत्तर देईन. फक्त जातीवर घसरू नका आणि आईबहिणीवर जाऊ नका, तशा कमेंट काढून टाकणार. आणि १ मे च्या ग्रामसभेत कुणाच्या गावाने ठराव घेतला तर इथे फोटो टाका. बघू किती गावं होतात.

जय जवान, जय किसान.